निजामी राजवट ते गणराज्य : मराठवाड्याच्या स्थित्यंतराची चर्चा कुठवर आली?

माहूरच्या उत्तरेला पैनगंगा आहे. पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो. १९४८ पूर्वी त्या काठाला इंग्रजी अमलातला वऱ्हाड होता आणि या काठाला हैदराबाद संस्थान. माहूर तेव्हा नांदेड जिल्ह्यात नव्हते. हा सगळा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, तो १९५६च्या राज्यपुनर्रचनेत नांदेडला जोडला गेला. पलीकडचा वऱ्हाडसुद्धा कागदावर निजामाचाच होता. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी तो कंपनीकडे गेला, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला आणि १९३६च्या करारानंतर निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. एका काठावर निजामाचा अंमल आणि दुसऱ्या काठावर त्याचे नुसते नाव, अशा जागेवरून पाहिले की ‘राज्य गेले आणि गणराज्य आले’ हे वाक्य वाटते तितके सरळ राहत नाही.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे अमृतमहोत्सवी वर्ष २०२३ मध्ये संपले. त्यानिमित्ताने पुष्कळ लिहिले गेले, पुष्कळ भाषणे झाली. या प्रश्नाची चर्चा आज कुठे उभी आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

राज्य होते कसे

हैदराबाद हे हिंदुस्थानातले सर्वांत मोठ्या लोकसंख्येचे संस्थान. सोळा जिल्हे, सुमारे ८२ हजार चौरस मैल क्षेत्र आणि १९४१च्या जनगणनेनुसार १ कोटी ६३ लाख लोक. निम्म्याच्या आसपास तेलुगू बोलणारे, पाव हिस्सा मराठी, उरलेले कानडी आणि उर्दू. राजा मुसलमान, प्रजेत मुसलमान साधारण आठवा हिस्सा. मराठी मुलखात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते, त्याचा वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला.

जमिनीचे तीन भाग होते. सरकारी सारा भरणारा दिवाणी किंवा खालसा मुलूख, जहागिरी आणि निजामाची खासगी मालमत्ता असलेला सर्फ-ए-खास. यांतले शेवटचे दोन मिळून राज्याचा सुमारे चाळीस टक्के भाग होई. जहागिरीत कुळाला कोणता कायदा लागू, हे पुष्कळदा जहागीरदाराच्या मर्जीवर असे. राज्याचा पैसा हाली शिक्का, इंग्रजी रुपया कलदार. कालगणना फसली. कारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. हिंदुस्थानी भाषेत उच्च शिक्षण देणारे पहिले विद्यापीठ म्हणून त्याचे कौतुक होते आणि ते रास्त आहे. मात्र मराठी मुलाला मॅट्रिकच्या पुढे जायचे तर आपली भाषा दाराबाहेर ठेवावी लागे, हेही तितकेच खरे.

राजकीय हालचालीची सुरुवात साहित्य, वाचनालये आणि शाळांतून झाली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही नावे वारंवार येतात, कारण पुढे लढ्याचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ या शाळांतून आले. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झाले. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची नीट स्थापना होण्याआधीच बंदी आली. त्याच सुमारास आर्य समाजाचा सत्याग्रह झाला आणि उस्मानियाच्या वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’साठी विद्यार्थी बाहेर पडले. दुसऱ्या बाजूला १९२७ मध्ये स्थापन झालेली इत्तेहादुल मुसलमीन बहादुर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली वाढली आणि त्यांच्या १९४४ मधील मृत्यूनंतर दोन वर्षांत लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाती गेली. रझाकार ही तिची सशस्त्र शाखा.

पुढचा क्रम सगळ्यांना माहीत आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाला. सरहद्दीवर उमरखेडसारखे सत्याग्रहींचे कॅम्प उभे राहिले, शिंदीची झाडे तोडण्याचा जंगल सत्याग्रह झाला, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यांवर हल्ले झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली गेली. त्या दिवशी दिल्लीत काय घडत होते, याची उमरीत कोणाला कल्पना असणे शक्य नव्हते. लुटीची रक्कम वीस लाखांवर होती आणि तिचा हिशेब नंतर सादर झाला, ही गोष्ट नांदेड जिल्ह्यात आजही अभिमानाने सांगतात. ऑगस्टमध्ये विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरले (हीच ‘पोलीस कारवाई’) आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

पहिले मत : लोकांनी मिळवलेली मुक्ती

मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचे मत हे. स्वामीजींच्या इंग्रजी आठवणी १९६७ मध्ये आल्या. अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ १९८७चे. या मांडणीनुसार हा लढा इंग्रजांविरुद्धच्या लढ्याचाच भाग होता, मात्र दुहेरी होता. राजा आणि त्याच्या मागचे साम्राज्य अशा दोघांशी तो होता. सैन्य शेवटी आले, जमीन आधीच तयार झालेली होती.

नरहर कुरुंदकरांनी नांदेडात बसून या मताला धार दिली. हैदराबाद हे इतर संस्थानांसारखे संस्थान नव्हते आणि निजामाची स्वतंत्र राज्याची इच्छा रझवीच्या आधीपासूनची होती, यावर त्यांचा भर आहे. म्हणजे रझवीला खलनायक करून निजामाला असहाय म्हातारा ठरवणारी सोयीची गोष्ट त्यांना मान्य नव्हती. संस्थान भारतात येणे ही त्यांच्या दृष्टीने पहिली पायरी. संस्थान मोडून त्याचे मराठी, तेलुगू आणि कानडी भाग आपापल्या भाषिक राज्यांत जाणे ही दुसरी. स्वामीजींचाही आग्रह तोच होता, आणि तो दिल्लीला फारसा रुचणारा नव्हता.

या मताची ताकद त्यातल्या माणसांत आहे. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरचे गोविंदराव पानसरे, बदनापूरकडच्या दगडाबाई शेळके अशी शेकडो नावे त्यातून टिकली. त्याची मर्यादाही तिथेच आहे. साहित्याचा मोठा भाग कार्यकर्त्यांच्या आठवणींचा आहे, त्यामुळे गावातला जो माणूस कोणत्याच कॅम्पात गेला नाही तो त्यात क्वचित भेटतो.

दुसरे मत : दिल्लीतून पाहिलेले एकीकरण

व्ही. पी. मेनन (१९५६) आणि कन्हैयालाल मुन्शी (१९५७) यांची पुस्तके हैदराबादकडे राष्ट्राच्या पोटातला प्रश्न म्हणून पाहतात. वाटाघाटी, शस्त्रांची तस्करी, माउंटबॅटन यांचा जून १९४८ मधला अखेरचा मसुदा आणि सरदार पटेलांचा निर्णय हा त्यांचा विषय. मराठवाड्यातला सत्याग्रही या पुस्तकांत पार्श्वभूमीला असतो. कागदपत्रांच्या दृष्टीने ती मोलाची आहेत, पण दोघेही निर्णयाच्या जवळचे होते आणि मुन्शी तर हैदराबादेत भारताचे एजंट-जनरल होते, हे लक्षात ठेवून ती वाचावी लागतात.

तिसरे मत : टाळता आली असती अशी शोकांतिका

हैदराबादचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी १९६२ मध्ये आपली बाजू लिहिली. त्याआधी १९५० मध्येच विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या अभ्यासकाने हैदराबादच्या मुसलमानांची शोकांतिका या अंगाने लेख लिहिला होता. त्याचा रोख दिल्लीइतकाच इत्तेहादच्या नेतृत्वाच्या आंधळेपणावरही होता. अलीकडे ए. जी. नूरानी यांनी २०१३ च्या पुस्तकात सैन्य पाठवणे अपरिहार्य नव्हते असा युक्तिवाद केला. मराठीत हे मत बहुधा उत्तर देण्यासाठीच उद्धृत होते. त्यातला कायद्याचा युक्तिवाद मला कच्चा वाटतो, कारण रझाकारांना आवर घालण्याची निजामाची ताकद किंवा इच्छा १९४८च्या उन्हाळ्यात दिसत नाही. पण या मताने पुढे आणलेला सप्टेंबरनंतरच्या हिंसेचा पुरावा वेगळा तपासला पाहिजे. युक्तिवाद पटला नाही म्हणून पुरावा बाजूला ठेवता येत नाही.

चौथे मत : जमिनीचा प्रश्न

कम्युनिस्टांच्या दृष्टीने खरा संघर्ष जहागीरदार-देशमुख आणि शेतकरी यांचा. तेलंगणातला सशस्त्र लढा १९४६ ते १९५१ चालला. सैन्य रझाकारांवर आले, मग तीन वर्षे कम्युनिस्टांवर वळले, हा त्यांचा मुद्दा तारखांनी सिद्ध होतो. तेलंगणासारखा उठाव मराठवाड्यात का झाला नाही, हा प्रश्न मात्र अजून नीट सुटलेला नाही. तेलंगणातले देशमुख हजारो एकरांचे धनी होते आणि वेठबिगारी तिथे जास्त क्रूर होती, हे एक उत्तर. मराठवाड्यात सावकार आणि लहान जमीनदार यांची वीण वेगळी होती, हे दुसरे. सीमेजवळ वऱ्हाड, नगर, सोलापूर असल्याने तरुण कॅम्पांत गेले, गावात दलम म्हणजे सशस्त्र तुकड्या उभ्या राहिल्या नाहीत, हे तिसरे. तिन्हींत तथ्य आहे, पण तालुकावार तुलना करून कोणी ते तोलून पाहिल्याचे दिसत नाही.

गेल्या पंचवीस वर्षांतले संशोधन

विद्यापीठीय अभ्यासाने चर्चेची चौकट बदलली आहे. मार्ग्रिट पेर्नाऊ यांनी निजामी राज्य हे राजाच्या मर्जीभोवती फिरणाऱ्या निष्ठांचे राज्य होते आणि ते विसाव्या शतकात नोकरशाहीकडे सरकत होते, असे दाखवले. ल्युसियन बेनिशू यांच्या मते जमातवादाचे विष १९३८च्या आसपास वेगाने भिनले, ते अनादी नव्हते. एरिक बेव्हर्ली हैदराबादला जगाशी संबंध ठेवणारे अर्धसार्वभौम राज्य म्हणून वाचतात. टेलर शर्मन यांनी १९४८ नंतर मुसलमान नोकरदार, निर्वासित आणि कैदी यांचे काय झाले, याचा माग काढला. सुनील पुरुषोत्तम यांची मांडणी अशी की भारताचे गणराज्य जितके घटनासभेत घडले तितकेच १९४६ ते १९५२ च्या हैदराबादेतल्या हिंसेतही घडले.

या अभ्यासकांची मराठी साधनांशी गाठ फार पडलेली नाही. आपल्या आठवणीकारांना हे अभ्यासक माहीत असण्याचे कारण नव्हते. दोन्ही कपाटे शेजारी ठेवून लिहिलेले पुस्तक अजून यायचे आहे.

तुर्कस्तानशी तुलना

ही तुलना वाटते तितकी लांबून आणलेली नाही. तुर्कस्तानात १९२२ मध्ये सुलतानपद गेले, २९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताक जाहीर झाले आणि ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत बरखास्त होऊन अखेरचे खलिफा अब्दुल मजीद दुसरे यांना देश सोडावा लागला. त्यांना तहहयात तनखा दिला तो निजाम मीर उस्मान अली खान यांनी. १९३१ मध्ये नीस येथे खलिफाची कन्या दुर्रूशहवार हिचे लग्न निजामाचा युवराज आझम जाह याच्याशी झाले. खलिफासाठी मराठवाड्यात खुलताबादला थडग्याची इमारतही बांधली गेली. ते १९४४ मध्ये पॅरिसला वारले आणि त्यांचे दफन पुढे मदिनेत झाले, ती इमारत रिकामीच राहिली. एका बुडालेल्या घराण्याने दुसऱ्या, अजून न बुडालेल्या घराण्याचा आधार घेतला होता.

तुर्की इतिहासातला मोठा वाद हा की १९२३ ही तोड होती की सातत्य. बर्नार्ड लुईस यांच्या पिढीने नव्या तुर्कस्तानचा जन्म पाहिला. एरिक-यान झ्युर्शर यांनी १९०८च्या तरुण तुर्कांपासून १९५० पर्यंत एकच धागा दाखवला : तेच लष्करी अधिकारी, तीच नोकरशाही, नवे नाव. मराठवाड्याला हा प्रश्न विचारला तर उत्तर मिश्र येते. तुर्कस्तानात जुन्या साम्राज्याच्याच अधिकाऱ्यांनी नवे राज्य केले आणि राजघराणे देशाबाहेर घालवले. इथे गणराज्य बाहेरून सैन्याबरोबर आणि खालून चळवळीतून आले. पण राजाला त्याने आत ठेवले. निजाम जानेवारी १९५० पासून ऑक्टोबर १९५६ पर्यंत राजप्रमुख होता आणि वर्षाला ५० लाखांचा तनखा घेत होता.

लिपीच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे परिणाम एकच झाला. केमाल पाशाने १९२८ मध्ये एका कायद्याने अरबी लिपी हटवली. मराठवाड्यात तसा कोणताही दिवस नाही. शाळा मराठी झाल्या, कचेऱ्या हळूहळू मराठी झाल्या, १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ आले, आणि दोन पिढ्यांत आजोबांच्या जमिनीचा कागद नातवाला वाचता येईनासा झाला. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली तेव्हा उर्दू, फारसी आणि मोडी वाचणारे कुठून आणायचे, हीच पहिली अडचण होती. २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा निर्णय काढला. पाठोपाठ बंजारा समाजाने त्याच गॅझेटचा दाखला देत अनुसूचित जमातीच्या सवलती मागितल्या, आणि आदिवासी संघटनांनी त्याला विरोध केला. माहूर-किनवट भागात हे दोन्ही समाज शेजारी राहतात. त्यामुळे निजामाच्या दफ्तरातल्या एका रकान्याचा अर्थ इथे केवळ इतिहासाचा विषय उरलेला नाही.

१९४८चा हिवाळा

या सगळ्या चर्चेत सर्वांत नाजूक भाग हाच. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ मध्ये सोळांपैकी नऊ जिल्ह्यांचा दौरा केला. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. लातूरबद्दलचा मजकूर विशेष भयंकर आहे. रझाकारांनी आधी केलेले अत्याचार, आणि मुसलमानांना आपल्या घरात लपवून वाचवणारे हिंदू शेजारी, या दोन्हींची नोंद अहवालात आहे. सरदार पटेलांना तो मान्य नव्हता. तो दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही आणि २०१३च्या सुमारास सर्वांसमोर आला.

आकड्यांवर वाद आहे आणि तो राहील, कारण अहवाल एका धावत्या दौऱ्याचा आहे. पण घटनाच घडल्या नाहीत असे म्हणणे आता कोणत्याही गंभीर अभ्यासकाला जमत नाही. मराठीत दोन टोके दिसतात. एक जण रझाकारांचे गुन्हे सांगून थांबतो, दुसरा सप्टेंबरनंतरचे सांगून थांबतो. बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याचे हत्याकांड मे १९४८चे, आणि लातूरचे सप्टेंबर-ऑक्टोबरचे. ही दोन्ही नावे एकाच पानावर आणणारे लेखन मराठीत मोजकेच आहे. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांनी मात्र ‘रझाकारात’ आणि ‘पोलीस ॲक्शनात’ असे दोन्ही काळ एका दमात सांगितलेले पुष्कळांनी ऐकले असेल.

दलितांची भूमिका हा आणखी एक अडगळीत पडलेला भाग. बी. एस. व्यंकटराव, श्यामसुंदर यांच्यासारखे नेते निजामाच्या बाजूला होते. श्यामसुंदर तर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळातही होते. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र १९४७ मध्येच दलितांनी निजाम किंवा इत्तेहादवर भिस्त ठेवू नये असे बजावले. या दुफळीला ‘फितुरी’ म्हणून निकालात काढले जाते. गावच्या काँग्रेसी पुढाऱ्याच्या वाड्यात ज्यांना प्रवेश नव्हता त्यांना त्याच्या स्वराज्याबद्दल शंका का वाटली असेल, हे विचारायला हवे.

काय सुटले, काय राहिले

जमिनीच्या बाबतीत बदल खरा झाला. सर्फ-ए-खास १९४९ मध्ये सरकारात जमा झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५०चा कुळकायदा आला, १९५४चा इनाम निर्मूलन कायदा आला. मदतमाश आणि खिदमतमाश या इनाम जमिनींचे व्यवहार मात्र २०२४ मध्येसुद्धा विधिमंडळात चर्चेला होते. कायदा सत्तर वर्षांचा झाला, तरी त्याच्या नजराण्याचा दर ठरवणे तेव्हाही चालूच होते.

प्रादेशिक विकासाचा वाद यापासून वेगळा काढता येत नाही. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात बिनशर्त आला, अशी इथली भावना आहे. १९५३च्या नागपूर कराराचे, १९८४च्या दांडेकर समितीने मोजलेल्या अनुशेषाचे आणि १९९४च्या वैधानिक विकास मंडळांचे दाखले दिले जातात. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मागासलेपण निजामाचे किती आणि नंतरच्या सरकारांचे किती, यावर दोन्ही बाजूंना आपापले उत्तर सोयीचे असते. पंचाहत्तर वर्षांनंतर सगळे निजामाच्या माथी मारणे मला पटत नाही, पण रेल्वे, सिंचन आणि शिक्षण यांची सुरुवातीची तूट खरीच होती.

१७ सप्टेंबर कसा साजरा करायचा, यावर शेजारी राज्यांत एकमत नाही. तेलंगणा सरकारने २०२२ मध्ये त्याला राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले, केंद्राने २०२४ मध्ये ‘हैदराबाद मुक्ती दिन’ अधिसूचित केला. महाराष्ट्रात हा वाद तीव्र नाही, त्यामुळे इथे अभ्यासाला जागा जास्त आहे.

शेवटचा भाग आमच्या डोंगरातला, आणि संशोधनात सर्वांत दुबळा. गोंडांच्या बंडाचा नेता कुमरम भीमू ऑक्टोबर १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने पडला. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबादेत आणले. मारलवाईला गोंड शिक्षकांचे केंद्र निघाले, जमिनींचे पट्टे वाटले गेले, आणि सेतुमाधवराव पगडींसारख्या मराठी अधिकाऱ्याने गोंडी शिकून या भागात काम केले. ज्या राजवटीला आपण सरंजामी म्हणतो तिच्या शेवटच्या आठ-दहा वर्षांतले हे धोरण आहे, आणि ते बंडाच्या धाकाने आलेले आहे. १९५६ मध्ये आदिलाबाद आंध्रात गेला आणि किनवट मुंबई राज्यात. एकाच जंगलातल्या गोंड आणि कोलामांना दोन राज्यांचे दोन जमीन कायदे लागू झाले. त्या पट्ट्यांपैकी किनवट-माहूर बाजूचे किती टिकले आणि किती बिगर-आदिवासींच्या नावावर गेले, याचा शोध घ्यायचा तर हैदराबादचे अभिलेखागार, आदिलाबादचे जुने दफ्तर आणि किनवटची तहसील कचेरी अशी तीन ठिकाणे गाठावी लागतील, आणि सोबत उर्दू व गोंडी जाणणारी माणसे लागतील.